सुभान्याच्या वंशावळीची फाईल

मी एक फाईल बोलतेय. लाल फितीत बांधून कपाटावर टाकलेली, झुरळांनी कुरतडलेली ती नव्हे. ती माझी लांबची आजी म्हणा हवं तर. मी कॉम्प्युटरमधली, आणि माझी जात एक्सएमएल. नावाला बिचकू नका, माणूस म्हणाल तर मी अगदी साधी आहे. 'गाय' असं म्हणून दार उघडायचं, आत तिचा रंग, वय, दूध, आई, बाप सगळं लिहायचं, आणि पुन्हा 'गाय' म्हणून दार लावून घ्यायचं. उघडलेलं दार लावायला विसरलात, तर मात्र मी कुणाचं ऐकत नाही. तेवढा हट्टीपणा माझ्यात आहे.

माझ्या पोटात देवणी गाईबैलांची वंशावळ आहे. पांढरंशुभ्र अंग, तोंडावर किंवा अंगभर काळे ठिपके, लांब कान, आणि चालणं असं की पाटीलकी अजून सुरूच आहे. लातूर जिल्ह्यातल्या माणसाला देवणीचं वर्णन सांगायला लागलं की तो हसतो, म्हणून एवढ्यावरच थांबते.

माझा जन्म लातूरचा. औसा रोडला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे, त्याच्या डोक्यावर दोन खोल्यांचं ऑफिस. राजशेखर नावाच्या गृहस्थांनी ते थाटलं. ते स्वतः इंजिनियर, मनानं चांगले, पण सदा घाईत. चहासुद्धा उभ्यानं पितात. त्यांच्या हाताखाली आरती काम करायची. रेणापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. लहानपणी शेण काढलेल्या हातांनी आता जावा ही कॉम्प्युटरची भाषा लिहीत होती आणि दोन्हीची तिला सारखीच सवय होती.

देवणी पाळणाऱ्यांचा उदगीरला एक संघ होता. संघाचे सचिव आप्पासाहेब मिशा पिळत एक दिवस जिना चढून आले आणि म्हणाले, "आमच्या जनावरायची सगळी नोंद कॉम्प्युटरात घ्या. कोण कुणाचं, किती दूध, सगळं." आरतीनं ते काम केलं. जावामध्ये तिनं एकेक जनावर उभं केलं. गाईला आपले आईबाप ठाऊक, वासराला आपला बाप ठाऊक, आणि बापाला आपली सगळी वासरं ठाऊक. लग्नाच्या मांडवात पाहुणे जसे एकमेकांचे हात धरून हिंडतात, तसा तो सगळा गोतावळा कॉम्प्युटरच्या डोक्यात एकमेकांना धरून असायचा.

अडचण अशी की ही जनावरं पाठवायची होती नांदेडला. तिथं एक नोंदणी केंद्र होतं. कुठला गोऱ्हा वळू म्हणून ठेवायचा आणि कुठला नाही, हे तिथलं मशीन वंशावळ वाचून सांगायचं. आणि त्या मशीनला जावाचा गंधही नव्हता. मग हात धरलेला गोतावळा नांदेडला न्यायचा कसा? तर मला लिहून. जावातल्या त्या गोतावळ्यातलं काय घ्यायचं, कुठं लिहायचं आणि कसं जोडायचं, याला ऑफिसात बांधणी म्हणत. बांधणीच्या तऱ्हा अनेक. त्यातली कुठली निवडायची, यावर माझं सगळं नशीब होतं. त्यात एका बाईचं मनही अडकलं होतं, ते आता सांगते.

उदगीरपासून थोडं आत एक गाव आहे. गावात महादेवाचं देऊळ आणि देवाला सोडलेला एक वळू. त्याचं नाव कारभारी. देवाला सोडलेला म्हणजे तो कुणाच्या मालकीचा नाही आणि सगळ्यांचा आहे. कुणाच्याही रानात शिरावं, हवं ते खावं. त्याला काठी दाखवायची नाही. "कारभारी, निघा आता," असं अदबीनं म्हणायचं. गावातल्या बहुतेक गाई त्याच्याच लेकी. आता तो म्हातारा झाला होता, उठताना गुडघे टेकायचा, आणि गाव त्याच्या जागी नवा वळू बघत होतं.

त्याच गावात मंजुळाबाई राहायच्या. त्यांची चंद्री नावाची गाय कारभारीची लेक. चंद्रीला संघाकडून लांबच्या एका नामांकित वळूच्या रेतनाची सुई दिली होती, आणि तिला झाला सुभान्या. मंजुळाबाईंनी या गोऱ्ह्याला असं वाढवलं की घरातली माणसं मागं पडली. हातानं पेंड चारायची, सणाला आधी त्याला अंघोळ, मग पोरांना. त्यांची एकच इच्छा होती, कारभारीनंतर सुभान्याच देवाचा व्हावा.

त्यांचे मालक भगवानराव व्यवहारी माणूस. ते म्हणाले होते, "वळू झाला तर झाला. न्हाईतर दोन दाती गोऱ्हा किती दिस बसून खाऊ घालावं? खच्ची करून औताला लावू, न्हाईतर बाजार दाखवू." त्यांचंही चुकीचं नव्हतं. पण संघाचा नियम असा की नांदेडहून होकार आल्याशिवाय कुठलाही गोऱ्हा वळू म्हणून सोडायचा नाही. महाशिवरात्रीला सोडायचं ठरत होतं. म्हणजे सगळं माझ्यावर आलं.

माझा पहिला जन्म अगदी अल्पायुषी ठरला. आरतीनं सोपी वाट धरली. जावातल्या प्रत्येक जनावराच्या माथ्यावर तिनं चिठ्ठ्या चिकटवल्या. हे लिही, ते लिहू नको, याला हे नाव दे. मशीननं त्या वाचून लिहायला घेतलं. कारभारी. त्याची वासरं. त्यात चंद्री. चंद्रीचा बाप कोण? कारभारी. त्याची वासरं. त्यात चंद्री. तिचा बाप? मशीननं बैलासारखे पाय रोवले आणि सांगितलं, इथं गोल गोल फिरणं आहे, मी लिहिणार नाही. मी अर्धीमुर्धीच राहिले आणि आरतीनं मला पुसून टाकलं.

राजशेखर चहाचा कप घेऊन उभेच होते. म्हणाले, "त्या चिठ्ठ्यांच्या नादाला लागू नको. समोर येईल ते आहे तसं लिहून काढणारी तयार प्रोग्रामची एक लायब्ररी आहे. दोन ओळीत काम."

खरंच दोन ओळीत काम झालं. दुसऱ्या जन्मी मी फार देखणी होते. कारभारी एकदाच लिहिला होता आणि पुढं जिथं जिथं तो आला तिथं 'वर पाहा' अशी खूण होती. मला स्वतःचा अभिमान वाटायला लागला. पण माझ्या अंगभर जावाच्या घरातली नावं होती, आणि त्या खुणाही जावालाच कळणाऱ्या. नांदेडला पोचले आणि दारातच अडले.

नांदेडच्या केंद्रात सुदर्शन नावाचा मुलगा मशीन सांभाळायचा. मूळचा किनवटचा, बोलायला मोकळा. त्यानं फोन केला. "ताई, तुमी पाठवलंय ते लई भारी दिसून राहिलंय. पर आमच्या मशीनला त्यातलं एक अक्षर कळंना. आमचा नमुना पाठवतो, त्याच्यात बसवा."

घरी कौतुक आणि दारी कुणी ओळखेना, असं माझं झालं. नवी सून आपल्या माहेरची बोली बोलत सासरी गेली, तर चार दिवस सगळे गोड हसतात, पण स्वयंपाक काय करायचा ते कळत नाही. आरतीनं मला पुन्हा पुसलं. मला पुसण्याचं आता काही वाटेनासं झालं होतं.

सुदर्शनचा नमुना आला. कुठलं दार कुठं उघडायचं, कशात काय असलंच पाहिजे, हे सगळं त्यात ठरवून दिलेलं. मालकाचं नाव असलंच पाहिजे. आता कारभारीचा मालक कोण? आरतीनं आप्पासाहेबांना विचारलं. "महादेव," ते म्हणाले, "दुसरं कोन?" मालकाचा मोबाईल नंबरही असलाच पाहिजे असं होतं. तिथं आप्पासाहेबांनी स्वतःचा दिला. पुढं कित्येक दिवस त्यांना फोन यायचे, "महादेवजी बोलताय का?" आणि ते खाकरून "बोला" म्हणायचे.

आणखी एक अडचण होती. बाकी सगळ्या जनावरांच्या कानात आकडे लिहिलेला पिवळा बिल्ला. त्या आकड्यावरून नांदेडचं मशीन ओळखायचं की ही गाय तीच. कारभारीच्या कानात बिल्ला नव्हता. पशुवैद्यक एकदा बिल्ला मारायला गेले होते, तर गावातली म्हातारी माणसं आडवी आली. देवाच्या कानाला भोक पाडायचं नाही, ही तिथली रीत. आरतीनं ती जागा रिकामी सोडली. नमुन्यात ती रिकामी चालत होती, म्हणून कुणी त्याचा विचार केला नाही.

तिसऱ्या जन्मी आरतीनं पहिल्यासारख्याच चिठ्ठ्या लावल्या, पण गोल फिरणं तोडलं. वासरानं बापाचं नाव सांगायचं, बापानं वासरांची नावं सांगायची नाहीत. झालं, मशीन झराझरा लिहू लागलं. चंद्रीच्या आत तिचा बाप कारभारी, पूर्ण. शेजारच्या गाईच्या आत तिचा बाप कारभारी, तोही पूर्ण. गावात जेवढ्या लेकी, तेवढे कारभारी माझ्या पोटात. मला जड झालं होतं, पण मी बोलणार कशी? मी फक्त वाचली जाते.

नांदेडच्या मशीननं मला मुकाट्यानं घेतलं आणि उत्तर पाठवलं. आप्पासाहेबांनी ते मोबाईलवर उघडलं. माणसांची एक गंमत मी कायम बघत आलेय. ते कागद वाचत नाहीत, कागदाची शेवटची ओळ वाचतात. शेवटची ओळ अशी होती: 'सुभान्या, आई वगळता गावातील गाईंशी नाते आढळले नाही. सोडण्यास हरकत नाही.'

संघात पेढे वाटले गेले. मंजुळाबाईंनी सुभान्यासाठी झूल शिवायला घेतली, लाल कापडाची, आरसे लावलेली. भगवानरावांनी बाजाराचं नाव काढणं सोडलं. ऑफिसात राजशेखर एका खुर्चीवर चक्क बसून चहा प्यायले.

आरती मात्र शेवटच्या ओळीवर थांबली नाही. तिला आपलं काम बारकाईनं पाहायची खोड होती. वरच्या ओळीत लिहिलं होतं: 'कारभारी, वळू. मुली: एक. माहिती अपुरी.' तिनं ती ओळ पुन्हा वाचली. खाली दुसरा कारभारी. मुली: एक. त्याच्या खाली तिसरा. मग तिनं मला उघडलं आणि ती वाचत राहिली. पंखा फिरत होता, खाली दुकानात कुणीतरी ट्रॅक्टरच्या क्लचवरून भांडत होतं, आणि ती पडद्याकडं बघून एवढंच म्हणाली, "अगं बाई."

तिला सगळं कळलं होतं. बिल्ला असता तर नांदेडच्या मशीननं ओळखलं असतं की हे सगळे कारभारी एकच. बिल्ला नाही आणि मीही त्याला जागोजागी नव्यानं लिहिलेलं. मशीनच्या हिशेबी त्या गावात कारभारी नावाचे ढीगभर बैल होते, प्रत्येकाला एकेक मुलगी, आणि कुणाचं कुणाशी नातं नाही. खरं म्हणजे गावातल्या बहुतेक गाई सुभान्याच्या मावश्या लागत होत्या. त्याला तिथं सोडलं असतं तर पुढची पिढी आतल्या आत कमजोर झाली असती.

तिनं राजशेखरांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"आरती, पास झालंय ना ते? संघ खूश, नांदेड खूश. आता कशाला खाजवून खरूज काढतेस?"

"सर, बैल एक आहे आणि आपण गर्दी करून पाठवलीय. नांदेडचं मशीन चुकलं नाही. आपण त्याला खोटं सांगितलं."

"मुद्दाम सांगितलं का?"

"मुद्दाम नाही. पण आता मला माहीत आहे. आता गप्प बसले तर ते मुद्दामच होईल."

राजशेखर खुर्ची ओढून बसले. घाईचा माणूस खाली बसला की समजावं, त्याला पटलंय. "आप्पासाहेबांना मी सांगतो," ते म्हणाले. "त्या बाईंना कोण सांगणार?"

"मी सांगते. फोनवर नाही, जाऊन सांगते."

मला कधी गाव पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आरतीच्या लॅपटॉपमध्ये बसून मी उदगीरला गेले, तिथून आप्पासाहेबांच्या मोटारसायकलवर. वाटेत एक म्हातारा वळू रस्त्यात आडवा उभा होता. आप्पासाहेबांनी गाडी बंद केली, म्हणाले, "कारभारी, जाऊ द्या की जरा," आणि तो वाट देईपर्यंत थांबले. मी ज्याला एवढ्या वेळा लिहिलं तो हा. मी त्याला ओळखलं, त्यानं मला ओळखायचं काही कारण नव्हतं.

मंजुळाबाई ओसरीवर झुलीला आरसे लावत बसल्या होत्या. आरतीनं चहा होईपर्यंत धीर धरला, मग सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. चूक आमची, असं पहिल्याच वाक्यात म्हणाली.

मंजुळाबाईंची सुई थांबली. "म्हंजे? आधी तुमचं मशीन हो म्हनलं, आता न्हाई म्हनून राहिलंय? लेकराचा खेळ हाय का?"

"काकू, मशीनला वाटलं कारभारी पुष्कळ आहेत."

"कारभारी एकच हाय की!"

"हो ना. ते मला लिहिता आलं नाही."

मंजुळाबाई रागानं आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला. आप्पासाहेब मिशीला हात लावून जमिनीकडं बघत बसले. थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या, पण आवाज बदलला होता.

"खरं सांगू का माय? कारभारी सगळ्या गाईंचा बाप हाय, हे मला म्हाईत न्हाई व्हय? चंद्री त्याचीच. रोज बघते मी. पर कागदावर हो आलं. मनलं, शिकल्यासवरल्या मानसानं बघितलंय, तर चालत आसंल. मनाला लई पायजे होतं ना, म्हनून मनानं ऐकलं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आन् आता? आता ह्याचा बैल करतील."

भगवानराव दारात उभे होते. गोठ्यात सुभान्या उभा होता, काळं तोंड, पांढरं अंग, आणि सगळ्यांकडं टकमक बघत होता.

"काकू, एवढ्यात काही ठरवू नका," आरती म्हणाली. "मी नीट लिहून पाठवते. काय येईल ते मला सांगता येत नाही. पण जे येईल ते खरं असेल."

हे आश्वासन फार थोडं होतं, आणि तिला ते माहीत होतं. मला तेव्हा तिची काळजी वाटली. मला काळजी वाटते यावर तुमचा विश्वास बसत नसेल तर सोडून द्या.

लातूरला आल्यावर आरतीनं वहीत एक चौकट काढली आणि बांधणीचा पुन्हा पहिल्यापासून विचार केला. जावातल्या जनावरांच्या माथ्यावर नांदेडच्या चिठ्ठ्या चिकटवणंच चुकीचं, असं तिनं ठरवलं. जावातला गोतावळा आपल्या घरी जसा आहे तसा मोकळा राहू दे. सुदर्शनच्या नमुन्यावरून मशीनकडून वेगळी, नांदेडच्या सोयीची माणसं, म्हणजे जनावरं, करून घ्यायची. आणि या दोघांच्या मधे स्वतःच्या हातानं एक छोटा प्रोग्राम लिहायचा. इथलं जनावर तिथं नेताना तो विचारणार, हे आधी येऊन गेलंय का? गेलं असेल तर नव्यानं लिहायचं नाही, त्याच्याकडं बोट दाखवायचं.

राजशेखर म्हणाले, "हे जास्त काम आहे."

"जास्त आहे, सर. पण ओळख कुठं ठरते, ते माझ्या हातात राहतं."

बोट दाखवायला ओळख लागते. बिल्ल्याचा आकडा घ्यावा, तर दोन अडचणी. एक म्हणजे आमच्या जातीत ओळख आकड्यानं सुरू झालेली चालत नाही, आधी अक्षर लागतं. ती आमची जुनी खोड, तिनं आकड्याआधी एक अक्षर लावून भागवली. दुसरी अडचण कारभारीची. त्याला आकडाच नाही. आप्पासाहेबांनी गावात पुन्हा विचारून पाहिलं होतं. "देवाच्या कानाला हात लावायचा न्हाई," गाव म्हणालं. आरती चिडली नाही. तिनं त्याला माझ्यापुरती एक ओळख दिली. कानाला भोक नाही, अंगाला डाग नाही. पण माझ्या पोटात जिथं जिथं तो येईल, तिथं तो तोच.

चौथ्या जन्मी मी सडपातळ झाले. वर सगळी जनावरं एका ओळीत, प्रत्येक एकदाच. आत फक्त बोटं. चंद्रीचा बाप, तो तिकडचा. शेजारच्या गाईचा बाप, तोही तिकडचाच. पाठवण्याआधी आरतीनं मला परत जावात वाचून पाहिलं आणि एवढंच विचारलं, या दोघींचा बाप एकच का? उत्तर हो आलं. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

सुदर्शनचा फोन आला. "ताई, मशीननं एका दमात वाचलं बगा. निकाल पाठवलाय. पर शेवटची ओळच वाचू नका, सगळा वाचा." त्यानंही धडा घेतला होता म्हणायचा.

निकालात पहिलं तेच होतं, ज्याची भीती होती. सुभान्याला त्याच्या गावात सोडता येणार नाही. आरतीनं तिथं क्षणभर डोळे मिटले. मग पुढं वाचलं. आजवर कारभारीच्या लेकी विखुरलेल्या होत्या, एकेका बापाच्या नावावर एकेक. आता त्या सगळ्या एका बापाच्या नावाखाली आल्या होत्या, आणि त्यांचं दूध एकत्र पाहिल्यावर कारभारीचा वारसा साऱ्या संघात वरच्या रांगेतला निघाला. कुणी त्याला कधी मोजलंच नव्हतं. त्याचा नातू म्हणून, आणि बापाकडूनही चांगला म्हणून, सुभान्याची शिफारस झाली होती. दुसऱ्या गावांसाठी. वळू म्हणून.

आरतीनं मंजुळाबाईंना फोन लावला. या वेळी फोन चालण्यासारखा होता. वाईट आधी सांगितलं, चांगलं नंतर.

मग मंजुळाबाई म्हणाल्या, "लेकराचं लगीन काय भावकीत करत्यात? सोयरीक बाहेरच बघावी लागती." आणि नंतर, जरा थांबून, "लई लांब दिऊ नका पर."

फार लांब दिला नाही. रेणापूर तालुक्यातल्या एका गावात देवाच्या वळूची जागा रिकामी होती. तिथली माणसं येऊन सुभान्याला पाहून गेली. जनावर पाहायला आलेली माणसं आधी चहाला नाही म्हणतात आणि मग दोनदा पितात, तसंच झालं. शिवरात्रीच्या आधी टेम्पो आला. मंजुळाबाईंनी त्याच्या अंगावर झूल घातली, कपाळाला कुंकू लावलं आणि रडून घेतलं. औताची भाषा करणारे भगवानराव टेम्पोत सुभान्याजवळ उभे राहून थेट त्या गावापर्यंत गेले. वाटेत एकदाही बसले नाहीत, असं आप्पासाहेब सांगत होते. मंजुळाबाईंच्या गावाला दुसऱ्या गावचा एक गोऱ्हा मिळाला. म्हातारा कारभारी त्याला पाहून फुरफुरला आणि मग सावलीत जाऊन बसला.

आता मी दोन ठिकाणी राहते, लातूरला आणि नांदेडला. दोन्हीकडं मी एकच आहे, याची आरती काळजी घेते. वासरू जन्मलं की माझ्यात एक ओळ वाढते, एखादं जनावर गेलं की त्याच्यापुढं तारीख पडते. पुसून टाकण्याची वेळ आता येत नाही. राजशेखरांनी दुसऱ्या दोन कामांतही हीच बांधणी धरली. अजून ते उभ्यानंच चहा पितात, पण नवं काम आलं की आधी विचारतात, "यात एकच माणूस चार ठिकाणी येतो का?"

माझी तुम्हाला एक विनंती आहे. उद्या तुम्हालाही कुणाचा तरी गोतावळा माझ्यासारखीत बांधायचा असेल. गाईंचा नसेल, औषधांचा असेल, शाळेतल्या मुलांचा असेल. सोपी वाट दिसली तर जरूर धरा, मी काही अवघडाची भक्त नाही. पण धरण्याआधी एकदा त्या गोतावळ्यात जाऊन बसा. कोण कुणाचा, आणि कुणाला बिल्ला नाही, ते विचारा. बिल्ला नसलेलाही कुणाचा तरी बाप असतो. मी गप्प बसून सगळं पोटात घेते, खोटंही घेते, म्हणून तुम्हाला सांगावं लागतं.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. रेणापूरकडच्या त्या गावातून पहिली नोंद आली. आरतीनं ती माझ्यात उतरवली आणि मंजुळाबाईंना फोन लावला.

"काकू, सुभान्याला लेक झाली."

"वाच," मंजुळाबाई म्हणाल्या. "तुझ्या त्या फायलीत काय लिवलंय, ते वाच."

आरतीनं मला उघडलं. "कालवड. रंग पांढरा, तोंड काळं. बाप सुभान्या. बापाची आई चंद्री. चंद्रीची मालकीण मंजुळाबाई भगवानराव."

"माझं नाव हाय त्याच्यात?"

"हाय ना, काकू."

पलीकडं कुणाला तरी हाका मारल्याचा आवाज आला, मग कुणीतरी घाईनं आत आल्याचा.

"थांब जरा. हे आले. आता परत वाच, हेंच्या बी कानावर पडू दे."

आणि आरतीनं मला पुन्हा पहिल्यापासून वाचलं.